कच्ची तोडी

"बुवा गेले," म्हादबा दिवाणजी नाडगौडा मास्तरांच्या कानाशी वाकून म्हणाला, तेव्हा मास्तरांची बोटं पेटीवर होती आणि मी देसकार रागातल्या एका तानेच्या मधोमध होते. म्हादबाचा जन्म भात गिरणीच्या आवाजात बोलण्यात गेलेला, त्यामुळं त्याची कुजबुज पहिल्या चार रांगांना ऐकू गेली. उरलेल्यांना माइकनं ऐकवली.

तान तिथंच राहिली. मास्तरांचा भाता सुटला.

"कुठं गेले?" मास्तरांनी विचारलं.

"गेले," म्हादबानं डोक्यावरची टोपी काढली. "पहाटंच गेले."

टोपी निघाल्यावर शंकेला जागाच उरली नाही. म्हादबा टोपी दोनच ठिकाणी काढायचा, न्हाव्यापुढं आणि मसणात.

गेले ते काशिनाथबुवा दानोळीकर. त्या सकाळी आमच्या गडहिंग्लजला ते गायला येणार होते, आणि त्याआधी मला ऐकणार होते. बुवा पुण्याला राहायचे. त्यांचं गाणं रेडिओवर लागलं की आमचे मास्तर चालू शिकवणी बंद करून हात जोडून बसायचे. मला लहानपणापासून गाणं शिकवलं ते या मास्तरांनीच, पण वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतः येऊन आमच्या आण्णांना सांगितलं होतं, "मगदूम, माझ्याजवळचं संपलं. आता शालनला बुवांच्या हवाली करा."

आण्णांचं भांड्यांचं दुकान. त्यांना सूर कळायचा तो पातेल्याचा. टिचकी मारून तडा गेलेलं भांडं ते डोळे मिटून बाजूला काढायचे, पण मुलगी गाते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यांना कधी उमगलं नाही. तरी माणूस न्यायाचा. ते म्हणाले, "बुवांनी 'हो' म्हटलं तर पुण्याला जा, मी आडवा येत न्हाई. 'नाही' म्हटलं तर बेडकिहाळचं स्थळ हाय, तिथं 'हो' म्हणायचं." बेडकिहाळचा मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. दिसायला उमदा, बोलायला गोड. पण त्यांची तंबाखूची वखार होती आणि घर वखारीच्या वर. मला बघायला म्हणून आम्ही उलट त्यांच्याच घरी गेलो, त्या दिवशी मी 'नमस्कार'सुद्धा शिंकल्याशिवाय म्हणू शकले नव्हते. त्या घरात तान घेणं म्हणजे नाकाची परीक्षा.

तर बुवांनी मास्तरांना कळवलं होतं, दिवाळीच्या पाडव्याला सकाळी तुमच्या मंडळात गायला येतोच आहे, आधी मुलीला बसवा, ऐकतो आणि ठरवतो. आमच्या संगीत मंडळाला स्वतःची जागा नव्हती. दिवाळीपर्यंत नवं भात यायचं नसल्यामुळं आप्पासाहेब बोरगल्ल्यांच्या गिरणीचं गोडाऊन रिकामं असायचं, तिथं सतरंज्या पडायच्या. कितीही झाडलं तरी कोंडा उडायचाच. आमच्या मंडळातला श्रोता दाद द्यायच्या आधी खोकायचा.

बुवा कोल्हापूरला एका वकील शिष्याकडं मुक्कामाला होते. उजाडताना पोचायचे, ते ऊन गोडाऊनच्या दारात आलं तरी पत्ता नाही. मी अहिरभैरव गाऊन झाले, देसकार धरला, तोही संपत आला. मास्तर पेटीआडून हातानं खुणा करत होते, ओढ, अजून ओढ. ओढून ओढून देसकाराचं शेवयांचं पीठ झालं होतं. शेवटी मास्तरांनी म्हादबाला गिरणीच्या फोनवरून कोल्हापूरला ट्रंककॉल लावायला पिटाळलं आणि तो ही बातमी घेऊन आला.

"फोनवर कोण होतं?" मास्तरांनी विचारलं.

"वकीलसाहेबांच्या आई. मी इचारलं, बुवा निघाले का? त्या म्हणाल्या, बुवा गेले. म्हटलं, कवा? तर म्हणाल्या, पहाटं. उठले, चहा मागितला, अर्धा प्याले आणि गेले."

"त्रास झाला का काही?"

"त्येबी इचारलं की. म्हणाल्या, काय त्रास न्हाई, हसत गेले. हातावर दही घातलं तेवढं चाटलं."

मास्तरांनी डोळे मिटले. "दही फार आवडायचं त्यांना," ते म्हणाले.

"म्हटलं, घरातली बाकीची मंडळी कुटं हाईत? तर म्हणाल्या, समदी पोचवायला गेल्यात. आणि लाइन कटली."

आता यावर कुणी काय विचारणार? मास्तरांचा चेहरा पडला. पहिल्या रांगेत लोडाला टेकून बसलेले आप्पासाहेब बोरगल्ले उठले आणि सरळ माइकपाशी आले.

आप्पासाहेब म्हणजे जुने पैलवान. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, मन लोण्याचं. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि हे ते स्वतःच सांगायचे. पण मंडळाला गोडाऊन द्यायचे, मांडव द्यायचे, आणि मैफलीला येऊन बसायचे. फक्त कधी शेवटपर्यंत बसायला मिळायचं नाही. कुठं लग्न, कुठं भांडण, कुठं मैदानात कुस्ती जोडायची, काही ना काही निघायचं आणि उठावं लागायचं. दुसऱ्या दिवशी लोक म्हणायचे, आप्पा, भैरवी चुकली बघा तुमची. अशा त्यांच्या इतक्या भैरव्या चुकल्या होत्या की भैरवी म्हणजे काय असेल याची त्यांना तहान लागली होती.

त्यांनी हात जोडले. "मंडळी, काशिनाथबुवांचा आणि माझा परिचय न्हवता. आज होणार हुता. पण काळानं डाव साधला. गाण्याच्या आखाड्यातला एवढा मोठा गडी, ज्याची पाठ कुणी मातीला लावली न्हाई, त्यो झोपेतनं उठून, अर्धा चा पिऊन गेला. असं मरण भाग्यवंताला येतं. आपण उभं राहूया."

सगळे उभे राहिले. बुवांच्या स्वागतासाठी आणलेला हार होता, तो आप्पासाहेबांनी जड हातानं उचलला आणि मंचामागं टांगलेल्या बुवांच्या फोटोला घातला. शाल होती ती कुणाला घालायची हे न कळून त्यांनी फोटोच्या खिळ्यालाच अडकवली. कोंड्यामुळं मधूनमधून खोकल्याचा आवाज येत होता तेवढाच.

बसता बसता आप्पासाहेब मास्तरांना म्हणाले, "मास्तर, आता ती भैरवी हू द्या. आज मी कुटं जात न्हाई."

भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. ती झाली की गाणारा तंबोरे आडवे करतो आणि ऐकणारा चपला शोधायला लागतो. तिच्यावर कुणी काही गात नाही, तशी रीतच आहे. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. "आता दुसरं काय गाणार, शालन," ते म्हणाले. "संपलंच सगळं. म्हण."

मी म्हटली. मला रडू येत होतं. ते बुवांसाठी येतंय असं तेव्हा मला वाटत होतं. बुवांना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. रडू माझं मलाच येत होतं. तिसऱ्या रांगेत आण्णा बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला वखारीचा जिना दिसत होता. आता पुण्याला कुणाकडं जायचं? कोण शिकवणार? ही माझी लोकांसमोरची शेवटची भैरवी, असं मनात आलं आणि मग मी काही राखून ठेवलं नाही. मास्तरांनी शिकवलेलं सगळं विसरले आणि सगळं आलं. षड्जावर आले तेव्हा गोडाऊनमध्ये कुणी खोकत नव्हतं. आप्पासाहेब धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. "अशी असती व्हय भैरवी," ते शेजाऱ्याला म्हणाले.

मी तंबोरा आडवा ठेवायला घेतला आणि दारातून आवाज आला, "ठेव. आता ठेवच तो."

दारात एक उंच, शेलाटे गृहस्थ उभे होते. काळा कोट, उपरणं, हातात काठी. धोतराला ग्रीसचा डाग. ते सतरंजीच्या कडेकडेनं चालत पुढं आले. लोक एकदा त्यांच्याकडं आणि एकदा फोटोकडं बघत होते. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं जी निघाली ती थेट घरी. म्हादबानं टोपी परत डोक्यावर घातली.

बुवा मंचासमोर थांबले. स्वतःच्या फोटोकडं नीट बघितलं.

"हार कुणी घातला?"

"मी घातला, बुवासाहेब," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका लहान झालेला मी ऐकला. "आमाला असं कळालं की तुमी गेला."

"गेलो म्हणजे निघालो. संकेश्वरच्या अलीकडं गाडीचं चाक निखळलं. वकिलाची आई कानडी. निघण्याला तिला मराठीत एवढंच क्रियापद येतं." बुवांनी काठी आपटली. "मेलो तर मेलो. माणूस कधीतरी मरतोच. पण माझ्याआधी भैरवी कुणी म्हणायला लावली?"

मास्तर उठून उभे राहिले. आप्पासाहेबांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "भैरवी म्हटली म्हणून काय झालं ओ?"

मास्तरांनी हळू आवाजात समजावून सांगितलं. ऐकता ऐकता आप्पासाहेबांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे शेवटची कुस्ती निकाली झाली, फेटे वाटून झाले, मैदान उठलं, आणि मग खरा पैलवान आला?"

"अगदी तसंच."

"मग पुन्ना मैदान भरवूया की. हाय काय त्यात. म्हादबा, नारळ आण."

नारळ आला. आप्पासाहेबांनी तो उंबऱ्यावर फोडला, माइकवर येऊन म्हणाले, "मंडळी, मगाची मैफल मगा संपली. आता ही दुसरी. मी हिचं उद्‌घाटन झालं असं जाहीर करतो." टाळ्या पडल्या. बुवा जागचे हलले नाहीत.

"नारळ फोडून भैरवी परत जाते का?" त्यांनी विचारलं. "माझ्या गुरुजींनी भैरवीवर कधी सूर लावला नाही. त्यांच्या गुरूंनी लावला नाही. मी लावणार नाही. गाडी वळवा."

"बुवासाहेब, एवढ्या लांबनं आलाय. बगा, लोकं बसल्यात."

"भैरवी कुणी म्हटली, तिला विचारा."

सगळं गोडाऊन माझ्याकडं बघायला लागलं. मी तंबोरा धरून तशीच बसलेली. आण्णा मान खाली घालून बसले होते आणि अंगठ्यानं सतरंजीचा दोरा काढत होते. ते तसं करायला लागले की समजायचं, माणसानं मनाशी काही ठरवलं. बुवा आले, आणि आलेले बुवा न गाता परत चाललेत, ते माझ्या गाण्यामुळं. यावर 'हो' कोण म्हणेल? बेडकिहाळची तंबाखू मला तिथंच नाकाला झोंबली.

मग मी बोलले. कसं सुचलं ते आजही सांगता येणार नाही. घाबरलं की माणूस घरच्या बोलीवर येतो. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मास्तरांनी माइकवर बोलताना माझी ती सवय मोडली होती, पण त्या वेळी ती पुन्हा उभी राहिली.

"बुवा, मी भैरवी नाही गायलो."

"गायले," बुवा म्हणाले. "गायलो नव्हे. आणि काय गायलीस मग?"

"बिलासखानी तोडी."

पेटीवर मास्तरांचा हात पडला आणि चार स्वर एकदम केकाटले.

आता हे जरा सांगायला हवं. बिलासखानी तोडी आणि भैरवी, दोघींचे सूर तेच. पण चाल निराळी, स्वभाव निराळा. जावा-जावा असतात ना, एका घरच्या, साड्या सारख्या, आणि एकीला दुसरीच्या नावानं हाक मारली तर दोघी रुसतात, तसं. तोडी सकाळी मैफलीच्या मध्यावर गायची, तिच्यावर आणखी काहीही गाता येतं. भैरवीवर नाही. म्हणजे मी तोडी गायले असेन तर मैफल अजून उघडी होती. फक्त मग एवढंच कबूल करावं लागत होतं, की मी ती इतकी भिकार गायले की तिची भैरवी झाली. हे सगळ्या गावासमोर, आणि ज्यांनी मला 'हो' म्हणावं म्हणून मी वर्षभर पहाटे उठत होते त्या माणसासमोर.

बुवा माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बिलासखानी. बरं. त्यात तो शुद्ध ऋषभ कुठून आला?"

भैरवीत बाराही सूर चालतात, कौतुकानं चालतात. तोडीत त्यातला एक जरी शिरला तरी पाप. मी म्हटलं, "चुकून लागला, बुवा."

"आणि तीव्र मध्यम?"

"तोही चुकून."

"दोनदा लागला."

"दोनदा चुकले."

"आणि मध्ये एक हरकत घेतलीस, तार षड्जावरून घसरत आलीस ती. लोक 'वाहवा' म्हणाले."

माझी सगळ्यात लाडकी जागा होती ती. तिचा गळा मला माझ्या हातांनी दाबायचा होता. "ती तर फारच चुकली," मी म्हटलं. "लोकांना कळलं नाही."

मागून आप्पासाहेब मास्तरांना म्हणाले, "मंजे मी ऐकली ती भैरवी न्हवंच?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर विद्यार्थ्यांना सूर सांभाळा म्हणून सांगितलेला माणूस. "नव्हती, आप्पासाहेब."

"हात तिच्या. आजबी चुकली."

बुवांनी मान हलवली. कोट काढला, म्हादबाच्या हातात दिला आणि मंचावर चढले. माइकसमोर बसून म्हणाले, "मंडळी, ऐकलंत. या मुलीनं बिलासखानी तोडी गायली. म्हणतात की मियाँ तानसेन वारले तेव्हा त्यांच्या मुलानं बापाच्या कलेवरासमोर हीच तोडी गायली, आणि त्या कलेवरानं हात उचलून दाद दिली. आज मीही गेलो होतो असं समजतं. पण या मुलीनं जी तोडी गायली, ती ऐकून दाद द्यायला नव्हे, ती थांबवायला मला उठून यावं लागलं. हिची तोडी कच्ची आहे. फार कच्ची. ती तुमच्या कानात तशीच राहिली तर माझी झोप उडेल. म्हणून मी आता बिलासखानी गातो."

लोक हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? मग बुवा मागं न बघता म्हणाले, "मुली, तंबोरा घे. मागं बस."

बुवा गायले. त्यांच्या पाठीमागं बसून मी तंबोरा छेडत होते आणि मला कळत होतं की मी तोडीबद्दल जे खोटं बोलले ते फारसं खोटं नव्हतं. असली तोडी मला खरंच येत नव्हती. मध्येच बुवांनी एक सूर लावला, तो इतका खोल होता की मी तारेवरचं बोट विसरले. त्यांनी खाकरून आठवण करून दिली. त्यानंतर त्यांनी आणखीही बरंच काही गायलं, शेवटी भैरवी म्हटली, आणि आप्पासाहेब मांडी ठोकून पुढं सरसावून बसले होते, तेवढ्यात त्यांना कुणीतरी गिरणीच्या दारात बोलावलं. बैलगाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. ते उठून गेले. शपथेवर सांगते, असंच झालं.

मैफल संपल्यावर आण्णा बुवांसमोर जाऊन उभे राहिले. भांड्यांचा व्यापारी, घोळ घालत बसायची सवय नाही. "बुवा, पोरीचं काय ठरलं? खोट असली तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार न्हाई."

"खोट आहेच," बुवा उपरणं झटकत म्हणाले. "सगळ्या गावासमोर मी सांगितलं की हिची तोडी कच्ची आहे. आता हिला अशीच सोडून गेलो तर लोक म्हणतील, बुवांनी दोष काढला आणि दुरुस्त केला नाही. माझं नाव जाईल. देवदिवाळी झाली की पाठवा."

आण्णांना यातलं किती कळलं देव जाणे, पण 'पाठवा' एवढं कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "बरं गायलीस." कुठलं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात पुढच्या अंकात ठळक अक्षरांत आलं, 'कु. शालन मगदूम यांची तोडी कच्ची. काशिनाथबुवांचे परखड मत.' ते बेडकिहाळलाही पोचलं. तिकडून मुलाच्या वडिलांनी मोठ्या मनानं निरोप धाडला, तोडी कच्ची असली तरी आमची हरकत नाही, भाकरी पक्की येते ना? आण्णांनी त्यांना नम्रपणे नकार कळवला आणि वर्षभर रुसून राहिले, कारण मुलगा खरंच चांगला होता.

पुण्यात बुवांनी मला घरात ठेवून घेतलं, आणि पहिलं वर्षभर मला तोडीशिवाय काही गाऊ दिलं नाही. सकाळ झाली की तोडी. मी देसकाराचं नाव काढलं तर म्हणायचे, गावाला मी शब्द दिलाय. पुढं बाकीचं सगळं आलं. भैरव आला, यमन आला, मारवा आला आणि मला रडवून गेला. मग रेडिओ झाला, बाहेरगावचे कार्यक्रम झाले, परदेशात जाऊन आले. घसा बसला, बाई आता संपल्या असं लोक म्हणायला लागले, पुन्हा उठले. आमच्या भागात गायला गेले की मागच्या रांगेतून एखादा म्हातारा अजून विचारतो, "बाई, तोडी पिकली का?" मी म्हणते, "पिकायला ठेवलीय, काका." हे ऐकायलाच तो आलेला असतो.

फक्त भैरवी बुवांनी मला शिकवली नाही. घराण्याची म्हणून त्यांची एक भैरवी होती, बाकीच्या शिष्यांना ती दिली होती, माझ्या मागून आलेल्यांनाही. मला नाही. मी मास्तरांचीच गात होते. पुण्यात माझं नाव होऊ लागलं तशी लोकांची कुजबुज माझ्या कानावर यायला लागली, की बुवांनी हिला सगळं दिलं पण भैरवी दिली नाही, काहीतरी असणार. मला ते लागायचं. शेवटी एका सकाळी, बुवा आता बरेच थकले होते, तेव्हा मी तंबोरा जुळवता जुळवता विचारलंच. "बुवा, भैरवी कधी सांगणार? माझं काही चुकलंय का?"

बुवा पानाचा देठ खुडत होते. खुडून झाला तसे म्हणाले, "गडहिंग्लजला मी केव्हा पोचलो माहीत आहे?"

"माझं गाणं संपलं तेव्हा."

"तो पैलवान माझ्यावर भाषण करत होता तेव्हा. चांगलं करत होता, म्हणून मध्ये पडलो नाही. दाराच्या बाहेर पोत्यांवर बसलो. तो संपला की आत जावं म्हणून उठलो, तर तू सुरुवात केलीस."

माझे हात खुंटीवर थांबले. "मग थांबवलं का नाही? दोन पावलं आत आला असता तर मैफल राहिली असती. मला ते सगळ्यांसमोर खोटं बोलावं लागलं नसतं."

"थांबवायलाच उठलो होतो. दारापर्यंत आलोही," बुवा म्हणाले. "पण सूर ऐकला आणि परत पोत्यावर जाऊन बसलो. ती संपेपर्यंत मी मेलेलाच राहिलो, शालन. जी ऐकायला मेलेला राहिलो, ती आता शिकवून बिघडवू?"

मी पदर शोधायला लागले.

बुवांनी पान तोंडात टाकलं. "त्या दिवशी खोटं बोललीस ते मात्र बरं केलंस. नाहीतर गायला कसं मिळालं असतं मला," ते म्हणाले. "आता रडू नको, तंबोरा उतरतोय. तोडी घे."